कार्यात्मक व्याख्या

विषय निवडताना मी फार हुशारी केली नाही.
प्रज्वल शिंत्रेनं आधीच सांगून ठेवलं होतं,
राजारामपुरीत बाइंडिंगवाल्याकडं जुने प्रबंध पडलेत,
नाव बदल, शाळा बदल, साल बदल,
निष्कर्ष राहूदेत तेच, ते कुणी वाचत न्हाई.
गेले. खळीचा वास, मरून रेक्झिन, सोनेरी अक्षरं,
प्रत्येक पाठीवर वेगळं नाव
आणि आत सगळ्यांचं एकच वाक्य:
उपक्रमामुळे लक्षणीय वाढ दिसून आली.
चाळीस प्रबंध, आणि एकालाही अपयश आलेलं नाही.
तिथं मला पहिली शंका आली.
तरी रिकाम्या हातानं परतले ते शंकेमुळं नव्हे,
त्यानं झेरॉक्सचे दोनशे सांगितले म्हणून.

मग कसबा बावडा, महापालिकेची शाळा, सातवी ब.
समस्या: मुलं वर्गात प्रश्न विचारत नाहीत.
मगदूम मॅडम म्हणाल्या, आधी मोज.
आठवडाभर मागच्या बाकावर बसले,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी,
अशा जुड्या बांधायच्या तयारीनं.
जुडी एकही झाली नाही. आले ते तीन:
बाई, पाणी प्यायला जाऊ?
बाई, हे उतरून घ्यायचं?
बाई, परत पाणी प्यायला जाऊ?

हे प्रश्न धरायचे का?
मॅडमनी चष्मा कपाळावर सरकवला.
"तुझ्या व्याख्येत बसतात का बघ."
व्याख्या माझ्याकडं नव्हती.
पहिलीपासून सतरा वर्षं उत्तरं लिहिली,
टिपा लिहिल्या, जोड्या लावल्या,
प्रश्न म्हणजे काय, हे कुठल्याच पेपरात आलं नव्हतं.
ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला माहीत नाही आणि हवं आहे
एवढी ओळ लिहायला तीन दिवस गेले,
त्यातला बराच वेळ केएमटीच्या खिडकीशी.
पाणी त्या ओळीतही बसलं.
बसू दे म्हटलं.

चपलांच्या खोक्याची प्रश्नपेटी केली,
चिठ्ठ्या कापल्या, गट पाडले, विचारणाऱ्याला टाळ्या.
सहा आठवडे.
शेवटच्या आठवड्याची नोंद: एक.
तीनावरून एक.
"एकाला एक आकडी मारली की नऊ होतोय गं,"
प्रज्वल म्हणाला, आणि खरंच होतो.
वसतिगृहात रात्री पेन टेकवलं.
शाईचा ठिपका पडला.
तो अजून तक्ता क्रमांक चारमध्ये आहे,
एकाच्या डावीकडं, कुठंच न गेलेला.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली, पाच दहा.
रस्त्यावरून उसाची ट्रॉली चाललेली,
पोरं मागून कांडी ओढत पळालेली,
कारखान्याकडनं मळीचा भपका.
महजबीन बागवान फाटकाला टेकून उभी.
वर्गात हजेरीशिवाय जिचा आवाज मी ऐकला नव्हता.
"बाई, ऊस एवढा गोड,
मग त्याच्या मळीला असला घाण वास का वं येतोय?"

मला माहीत नव्हतं.
निरीक्षणाची वेळ चाळीस मिनिटांपूर्वी संपली होती,
तक्त्यात जागा नव्हती,
आणि मी, संशोधक, विचारलं काय तर,
"पेटीत का नाही टाकलास?"
"पेटी वर्गात असतीया," ती म्हणाली,
"वास हितं येतोय."

मॅडमनी हे मर्यादांच्या प्रकरणात लिहायला लावलं.
शब्दशः, म्हणाल्या, तिची भाषा सुधारू नकोस.
बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पानं चाळली,
"म्हणजे परिकल्पना त्याज्य?"
हो सर.
"मग हाती काय लागलं?"
मी काहीतरी बोलले. काय ते आठवत नाही.

मळीचं अजून शोधते आहे.
रसायनशास्त्राचे एक सर आंबणं म्हणाले,
दुसरे गंधक, तिसऱ्यांनी चहा मागवला.
सोमवारी सांगते, असं तिला कबूल केलं होतं.
त्या सोमवाराला दीड महिना झाला.
उद्या बावड्याची बस धरायची,
अर्धंच उत्तर आहे,
आणि ती अजून फाटकाशी थांबते का
तेही माहीत नाही.